निरोप ऐकणाऱ्याचा

वाढीचा निरोप घेणारा रिसेप्टर गरजेपेक्षा जास्त काम करू लागला, तर मूल ताडमाड वाढेल असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते बुटकं राहतं. अ‍ॅकॉन्ड्रोप्लेजिया नावाच्या अवस्थेत हातपाय आखूड राहतात. धड मात्र जवळपास नेहमीसारखं वाढतं. त्याचं कारण १९९४ मध्ये सापडलं. एफजीएफआर-३ हा फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टरचा एक रिसेप्टर. त्याच्या साखळीत ३८० व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन बसलेलं असतं. ही अवस्था असलेल्या जवळजवळ सगळ्या माणसांत हाच एक बदल. रिसेप्टर त्यानं मुका होत नाही, उलट जास्तच बोलका होतो. उंदरांमधून तो काढून टाकला तर त्यांची लांब हाडं प्रमाणाबाहेर वाढतात.

आता हाच रिसेप्टर मूत्राशयाच्या अस्तरात बघा. तिथे तो असाच अति बोलका झाला की पेशी वाढत सुटतात. मूत्राशयाच्या कर्करोगात, त्यातही वरवरच्या गाठींत, या रिसेप्टरमधले बदल वारंवार दिसतात, आणि त्याला गप्प करणारं एर्डाफिटिनिब हे औषध २०१९ पासून वापरात आहे. म्हणजे रिसेप्टर तोच, बोलणंही साधारण तेच. हाडं लांबवणाऱ्या कूर्चेच्या पेशी त्याचा अर्थ 'थांबा' असा लावतात आणि मूत्राशयाच्या पेशी 'चला' असा.

आपण 'ग्रोथ फॅक्टर' म्हणतो तेव्हा बाहेरून एक हुकूम आला आणि पेशीनं तो पाळला, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. माझ्या मते हे चित्र चुकीचं आहे, आणि निरुपद्रवीही नाही. बाहेरून येतो तो फक्त एक धक्का. त्याचा अर्थ काय घ्यायचा, किती वेळ घ्यायचा आणि ऐकणं कधी बंद करायचं, हे पेशी ठरवते. आणि या तिन्हींत सगळ्यात दुर्लक्षित राहते ती ऐकणं बंद करण्याची गोष्ट.

नाव कसं पडलं ते आधी पाहू. रीता लेव्ही-मोंताल्चिनी ही तुरीनची ज्यू डॉक्टर. मुसोलिनीच्या १९३८ च्या वंशविषयक कायद्यांनी विद्यापीठाचं दार बंद केलं, तेव्हा तिनं झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भावर काम चालू ठेवलं. युद्धानंतर व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी तिला अमेरिकेत सेंट लुइसला बोलावलं. उंदराच्या विशिष्ट गाठी कोंबडीच्या गर्भात बसवल्या की मज्जातंतू वेड्यासारखे फुटतात, हे तिथे तिच्या लक्षात आलं. १९५२ मध्ये ती गाठी असलेले दोन उंदीर घेऊन रिओ दि जानेरोला गेली आणि गाठीचा तुकडा काचेवर मज्जापेशींच्या पुंजक्याशेजारी ठेवला. पुंजक्याभोवती सूर्याच्या किरणांसारखी तंतूंची प्रभावळ उगवली. गाठीतून काहीतरी पाझरत होतं. त्याला पुढे नर्व्ह ग्रोथ फॅक्टर म्हणू लागले.

तो पदार्थ शुद्ध करायचं काम १९५३ मध्ये आलेल्या स्टॅन्ली कोहेन या जीवरसायनशास्त्रज्ञाकडे. अर्कातलं न्यूक्लिइक आम्ल मोडायला त्यानं सापाचं विष वापरलं, तर विषातच तो पदार्थ गाठीपेक्षा कितीतरी जास्त निघाला. मग विचार साधा होता: सापाची विषग्रंथी म्हणजे शेवटी लाळग्रंथीच, तर उंदराची लाळग्रंथी बघू. नर उंदराच्या लाळग्रंथीत तो भरपूर सापडला. पण या अर्काचं इंजेक्शन नुकत्याच जन्मलेल्या पिलांना दिलं, तेव्हा भलतंच दिसलं. पिलांचे डोळे एरवी तेराव्या-चौदाव्या दिवशी उघडतात. ही पिलं सातव्या दिवशीच टकामका बघू लागली. पुढचे दातही लवकर आले. मज्जातंतूंशी याचा काही संबंध दिसत नव्हता. दुसऱ्या कुणी ही अर्कातली घाण समजून सोडून दिली असती. कोहेननं तिच्यावरच पुढची पंचवीस वर्षं घालवली. १९६२ मध्ये त्यानं तो पदार्थ वेगळा केला. पुढे त्याला एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, ईजीएफ, हे नाव मिळालं. ५३ अमिनो आम्लांची एक छोटीशी साखळी. १९८६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

थोडं थांबून बघा. पिलांचे डोळे लवकर उघडणं ही 'वाढ' आहे का? पापण्या मोठ्या झाल्या नव्हत्या. त्वचा लवकर पक्व होऊन त्या विलग झाल्या होत्या. आणि नर्व्ह ग्रोथ फॅक्टरचं मोठं काम तर मज्जापेशींना जिवंत ठेवण्याचं आहे. त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं पिलांना दिली तर अनुकंपी मज्जासंस्थेच्या पेशी मरून जातात. बारशाला जे पहिल्यांदा दिसलं ते नाव ठेवलं गेलं, आणि आडनावासारखं पुढे चिकटून राहिलं.

आता धक्का आत कसा जातो. शाळा-कॉलेजात फळ्यावर कुलूप आणि किल्ली काढतात. मीही काढली आहे, काही वर्षं शिकवत होते तेव्हा. पण किल्ली फिरवल्यावर कुलपाच्या पोटात दांडी सरकते. इथे सरकायला दांडीच नाही. ईजीएफच्या रिसेप्टरमध्ये ११८६ अमिनो आम्लं आहेत. ६२१ पेशीच्या बाहेर, ५४२ आत, आणि मधलं तेलकट पटल ओलांडायला फक्त २३ जणांचा एकेरी पीळ. बाहेरच्या टोकाला रेणू चिकटला म्हणून दोरीसारख्या या पिळातून आतल्या टोकाला काय कळणार? दोरीनं ओढता येतं, ढकलता येत नाही. १९८० च्या दशकात जोसेफ श्लेसिंगर आणि योसेफ यार्डेन यांनी याचं उत्तर सुचवलं: पटलात तरंगणारे दोन रिसेप्टर एकमेकांजवळ येतात. बाहेर जोडी जुळली की आत दोघांच्या शेपट्या आपोआप शेजारी येतात. पिळातून काही धाडावं लागतच नाही, पटलाच्या सपाटीवर सरकलं की झालं.

२००२ मध्ये स्फटिकांची चित्रं आली तेव्हा आणखी एक गंमत कळली. ईजीएफचे दोन रेणू जोडीच्या मध्ये बसून दोघांना सांधत असतील असा सगळ्यांचा होरा होता. ते बसले होते बाहेरच्या दोन्ही कडांना, एकमेकांना शिवतसुद्धा नव्हते. रिसेप्टरनं आपला एक हात स्वतःच्याच अंगाशी मुडपून धरलेला असतो. ईजीएफ आला की तो हात मोकळा होतो आणि शेजाऱ्याला धरतो. पकड रिसेप्टरचीच. मग आतल्या बाजूला, २००६ मध्ये जॉन कुरियन यांच्या गटानं दाखवल्याप्रमाणे, जोडीतला एक जण दुसऱ्याला मागून रेटतो आणि दुसरा जागा होतो. जोडी असूनही वागणं सारखं नाही.

याच कुटुंबात हर-२ नावाचा एक भाऊ आहे. त्याला कुणाचं पत्र कधीच येत नाही. त्याला चिकटणारा बाहेरचा रेणू सापडलेला नाही. त्याचा हात कायम मोकळा, त्यामुळे पत्र आलेल्या भावंडांना तोच आधी जोडीदार म्हणून मिळतो. स्तनाच्या कर्करोगाच्या काही रुग्णांत या हर-२ चं जनुक पेशीत अनेक पटींनी वाढलेलं असतं आणि गाठ आक्रमक असते, हे डेनिस स्लॅमन यांनी १९८७ मध्ये दाखवलं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर 'हर-२, ३ प्लस' असं लिहिलेलं असतं ते याच्याबद्दल. काचपट्टीवर पेशींच्या कडा कोळ्याच्या जाळ्यासारख्या तपकिरी दिसतात. त्याच्याविरुद्धचं ट्रास्टुझुमाब १९९८ मध्ये आलं. पाठवणाऱ्याचा पत्ताच नसलेला हा रिसेप्टर, आणि गाठ त्याच्यावर जगते. हुकूम देणारा आणि पाळणारा ही भाषा इथेच मोडून पडते.

जोडी जुळल्यावर ते काय करतात? एकमेकांच्या शेपटीवर खुणा करतात. टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर फॉस्फेट चिकटवतात. टायरोसिनवर फॉस्फेट बसतं हेच १९७९ पर्यंत माहीत नव्हतं. सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर यांनी नवा बफर करायचा कंटाळा केला. वापरून वापरून जुन्याचा सामू १.९ वरून १.७ वर आला होता. त्यामुळे एरवी एकाच जागी पडणारे दोन ठिपके वेगळे झाले. आळसाचं असं फळ आमच्यापैकी कुणालाच मिळालं नाही.

माझ्या आळसाचं फळ वेगळं होतं. पेशींना रात्रभर सीरमविना उपाशी ठेवायचं, सकाळी ईजीएफ घालायचं, पाच, पंधरा, साठ मिनिटांनी बशी बर्फावर घेऊन पेशी फोडायच्या आणि फॉस्फेटच्या खुणा ओळखणारं प्रतिपिंड लावायचं, हा पहिल्या वर्षाच्या कुठल्याही विद्यार्थ्याचा प्रयोग. दोन दिवसांच्या कामानंतर अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली मी फिल्म डेव्हलपरमधून उचलली. ती कोरी होती. ईजीएफ ताजं, प्रतिपिंड नवं, पेशी ठणठणीत. आमच्या मॅडमनी फिल्मकडे पाहिलंसुद्धा नाही. "व्हॅनाडेट घातलंस का?" घातलं नव्हतं. सोडियम ऑर्थोव्हॅनाडेट आधी उकळावं लागतं, द्रावणाचा पिवळा रंग जाईपर्यंत, मग सामू बघायचा, मग पुन्हा उकळायचं. मला वाटलं, दहा मिनिटांच्या कामात त्याच्याशिवाय काय अडणार. व्हॅनाडेट फॉस्फेट पुसणाऱ्या एन्झाइमना अडवतं. ते नव्हतं, म्हणून पेशी फुटल्यानंतरच्या काही मिनिटांत सगळ्या खुणा पुसून साफ झाल्या होत्या.

त्या कोऱ्या फिल्मनं मला जे शिकवलं ते व्याख्यानांतून कळलं नव्हतं. खुणा करणारी आणि पुसणारी, दोन्ही टोळ्या पेशीत सतत कामावर असतात. आपल्या जनुकसंचात टायरोसिनवर लिहिणारी एन्झाइम शंभराच्या आसपास आणि पुसणारीही तितकीच. एखाद्या क्षणी दिसणारी खूण म्हणजे लिहिण्यानं पुसण्यावर तेवढ्यापुरती केलेली मात. ईजीएफ आल्यावर फक्त पारडं कलतं.

पुढच्या वेळी व्हॅनाडेट घातलं. शून्य मिनिटाला रकाना फिकट. पाच मिनिटांना १७० किलोडाल्टनपाशी जाड काळा पट्टा. साठ मिनिटांना पुन्हा विरलेला. ईजीएफ तर बशीत अजून भरपूर होतं. मग पट्टा का गेला? कारण रिसेप्टरच पृष्ठभागावरून गेले होते. जोडी जुळल्यावर त्यांच्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी लागते, पटलाला खळगा पडतो, त्याची पिशवी होते, आणि पिशवी आत जाऊन बरेचसे रिसेप्टर पचवले जातात. जाताजाता पिशवीतूनही ते काही काळ बोलत राहतात. मराठीत 'निरोप' हा एकच शब्द सांगावा आणि निघून जाणं या दोन्हींना चालतो. रिसेप्टरला दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात. आलेला निरोप ऐकायचा आणि मग आपणच निरोप घ्यायचा.

यातून वेळेचा मुद्दा निघतो, आणि माझा मुख्य पुरावा तोच आहे. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीतून १९७६ मध्ये मिळवलेली पीसी-१२ नावाची पेशीमालिका आहे. तिला ईजीएफ दिलं तर ती विभागते. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर दिला तर विभाजन थांबवून लांब तंतू काढते, मज्जापेशीचं रूप घेते. दोघांचेही रिसेप्टर आत मात्र प्रथिनांची एकच साखळी हलवतात: रास, राफ, मेक, अर्क. चौघंही तीच. फरक एवढाच, की ईजीएफनंतर अर्क थोडा वेळ जागा होऊन निजतो आणि दुसऱ्यानंतर तासन् तास जागा राहतो. एवढ्यावर दोन वेगळी आयुष्यं. आणि याच पेशींत ईजीएफचे रिसेप्टर मुद्दाम वाढवले, म्हणजे ऐकणं लवकर संपेनासं केलं, की तेच ईजीएफ मिळाल्यावर त्या तंतू काढू लागतात. पत्रात एक अक्षरही बदललेलं नसतं.

ए-४३१ ही पेशीमालिका त्याहून विचित्र. पंच्याऐंशी वर्षांच्या एका बाईच्या गाठीतून मिळालेल्या या पेशींवर ईजीएफचे वीस लाखांहून जास्त रिसेप्टर असतात. साध्या फायब्रोब्लास्टवर चाळीस हजार ते एक लाख. या पेशींना नेहमीच्या मात्रेत ईजीएफ दिलं तर त्यांची वाढ मंदावते. कोहेननं रिसेप्टरचा अभ्यास याच पेशींवर केला. ग्रोथ फॅक्टरच्या रिसेप्टरची बरीचशी मूलभूत माहिती, ज्या पेशी ग्रोथ फॅक्टर दिल्यावर वाढत नाहीत त्यांच्याकडून आली, याची नोंद पाठ्यपुस्तकात कुणी फारशी करत नाही.

इथे कुणी म्हणेल, सगळं ऐकणाऱ्याच्याच पदरात घालता, मग पाठवणाऱ्याला काहीच किंमत नाही का? आक्षेप खरा आहे आणि तो मला थोडा मागे सरकवतो. ईजीएफच्याच रिसेप्टरला टीजीएफ-अल्फा नावाचा दुसरा रेणूही चिकटतो. आत गेल्यावर पिशवी आम्लधर्मी होत जाते. ईजीएफ तरीही चिकटून राहतं आणि रिसेप्टर पचवला जातो, टीजीएफ-अल्फा गळून पडतं आणि रिसेप्टर पुन्हा पृष्ठभागावर येतो. रिसेप्टर एक, पत्रं दोन, शेवट दोन. २०१७ मध्ये येल विद्यापीठातल्या मार्क लेमन यांच्या गटानं आणखी पुढचं दाखवलं: एपिरेग्युलिन आणि एपिजेन हे रेणू याच रिसेप्टरची जोडी ढिली बांधतात. ढिल्या जोडीचा निरोप कमकुवत असेल असं वाटतं. तो जास्त वेळ टिकतो, कारण पेशीची आवराआवर करणारी माणसं तिच्याकडे उशिरा फिरकतात. तेव्हा पत्र कसं लिहिलंय यालाही अर्थ आहे. पण तो अर्थ कशातून उमटतो? रिसेप्टर किती वेळ बोलतो यातूनच. पाठवणारा पेशीच्या घड्याळाला हात लावू शकतो, स्वतःचं घड्याळ आणू शकत नाही. यापुढे मी मागे सरकत नाही.

ऐकणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं की कर्करोगही वेगळा दिसतो. आपल्याकडे कुणी न बोललेलं ऐकलं तर 'तुझे कान वाजतात' म्हणतात. १९८४ मध्ये लंडनमधल्या मायकेल वॉटरफील्ड आणि सहकाऱ्यांनी ईजीएफ-रिसेप्टरच्या तुकड्यांची अमिनो आम्लं वाचून ज्ञात प्रथिनांशी ताडली, तर ती कोंबड्यांना रक्ताचा कर्करोग करणाऱ्या एका विषाणूच्या अर्ब-बी प्रथिनाशी जुळली. विषाणूनं कधीतरी कोंबडीचा रिसेप्टर चोरला होता, पण बाहेरचा जवळजवळ सगळा भाग गाळून. म्हणजे कानच नाही, आणि तरी अखंड ऐकल्यासारखं वागणं. माणसाच्या फुप्फुसाच्या कर्करोगात कान शाबूत असतो. आतल्या भागात ८५८ व्या जागी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येतं, नाहीतर दुसऱ्या एका जागी काही अमिनो आम्लं गळतात, आणि कुणी न बोलावता रिसेप्टर जागा राहतो. जेफिटिनिब ही गोळी २००३ मध्ये अमेरिकेत बाजारात आली तेव्हा मोजक्या रुग्णांच्या गाठी आठवड्यांत विरघळत आणि बाकीच्यांना ढिम्म फरक पडत नसे. कधीच सिगारेट न ओढलेल्या, बायका, आशियाई वंशाच्या रुग्णांत गुण जास्त. २००४ मध्ये बोस्टनच्या दोन गटांनी कारण सांगितलं: ज्यांचे कान वाजत होते त्यांनाच गुण येत होता. पुढे ७९० व्या जागी नवा बदल होऊन गोळी बसेनाशी होते, मग ओसिमर्टिनिब, मग आणखी काही. गोळी बाहेरच्या कानाकडे जातच नाही. पत्र येत राहतं, ती आतला लिहिणारा हात धरते.

आमच्या आत्याला अशीच गोळी सुरू झाली. तिनं जन्मात विडी-सिगारेटला हात लावला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात नाकाभोवती, हनुवटीवर पुळ्या उठल्या, सोळाव्या वर्षी उठतात तशा. याची पूर्वकल्पना दिलेली होती. त्वचेच्या पेशींनाही हाच रिसेप्टर लागतो आणि गोळीला गाठ आणि गाल यांतला फरक कळत नाही. दुसरी गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

त्या सुमारास आमच्या रस्त्यावर केस गळतीच्या दवाखान्याची नवी पाटी लागली होती, 'ग्रोथ फॅक्टर थेरपी'. तुमच्याच रक्तातले प्लेटलेट डोक्यात टोचायचे. त्याचा गुण येतो की नाही हा वेगळा वाद; मला कुतूहल होतं ते पाटीवर दिसणाऱ्या खात्रीचं. कारण ऑस्ट्रेलियात याच कुटुंबातलं ईजीएफ मेंढ्यांना टोचायची पद्धत निघाली ती लोकर उतरवायला. बायोक्लिप हे त्या पद्धतीचं नाव. इंजेक्शननंतर लोकरीची वाढ थोडा काळ थबकते, धाग्यात कच्ची जागा राहते. मेंढीला जाळी नेसवायचे आणि काही आठवड्यांनी सगळी लोकर कातरीवाचून सोलून निघायची. केसाच्या मुळाशी ईजीएफचा निरोप 'आवरा' असा ऐकला जातो.

मे महिन्यात आत्याकडे गेले तर ती खिडकीशी आरसा टेकवून, भरतकामाची छोटी कात्री घेऊन बसली होती.

"अगं, बरी आलीस. माझा हात थरथरतो. एवढ्या कापून दे."

पापण्यांचे केस. लांब, काळेभोर, टोकाला वळलेले, काही उलटे डोळ्यात जाऊन टोचत होते. डोक्यावरचे विरळ झालेले, आणि हे असे. ईजीएफच्या रिसेप्टरचं तोंड बंद केल्यावर 'आवरा' म्हणायला कुणी उरलं नव्हतं.

"नटीसारख्या झाल्यात बघ," ती म्हणाली, "या वयात."

मी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि एकेक केस धरून कापू लागले. पंधरा दिवसांनी पुन्हा यावं लागणार होतं.